अनुकंपा तत्त्वावर कॅप्टन

गिरधर चौथ्यांदा मेला तेव्हा विक्रम म्हणाला, "भाऊ, तू विमा विकतो ना? मग तुझीच माणसं एवढी पटापट कशी मरतात?"

बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं. गिरधर नशिराबादचा. आठवडाभर गावोगाव पॉलिस्या विकायचा आणि रविवारी दुपारी मोटारसायकलवर असोद्याला येऊन अंतराळात मरायचा.

असोद्याला विक्रमच्या मळ्यात केळीचं पॅकिंग शेड आहे. रविवारी तिथं केळी येत नाहीत, म्हणून खेळ यायचा. या खेळाला बोर्ड नाही, पत्ते नाहीत. दोन फासे, कागद, पेन्सिल आणि तोंड. आपण अंतराळातला एक माणूस व्हायचं, तो काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशांनी सांगायचं. पण त्या माणसाला असं उचलून जहाजात बसवता येत नाही. आधी त्याची नोकरी खेळावी लागते. आरमारात भरती व्हा, चार वर्षांची एक टर्म काढा, बढती मिळते का बघा, मग पुढची टर्म. आणि दर टर्मला एक जगण्याचा फासा. तो वाकडा पडला की माणूस गेला, जहाज बघायच्या आधीच. विक्रम म्हणायचा, खेळायला बसण्यापूर्वी मरता येतं असा हा एकच खेळ.

खेळ चालवायची सारिका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नियमांचं इंग्रजी पुस्तक तिनंच आणलं, तिनंच मराठीत समजावलं, म्हणून न्यायनिवाडा तिच्याकडे आणि म्हणून तिला सगळे सरपंच म्हणायचे. पुस्तकातला नियम पटला नाही की ठराव मांडायचा. कुणीतरी अनुमोदन द्यायचं, हात वर करायचे, सारिकानं डस्टर आपटून "पास" म्हणायचं. झाला तो घरचा नियम. एकदा पास झालेला ठराव वर्षभर मागे घेता येणार नाही, हासुद्धा एक ठरावच होता. तो गिरधरनं मांडला होता. हे लक्षात असू द्या, त्याच्या काही लक्षात राहिलं नाही.

तर चौथ्या मरणानंतर गिरधर उभाच राहिला. "माझा ठराव आहे. माणूस नोकरीत असताना गेला, तर त्याच्या वारसाला अनुकंपा तत्त्वावर घ्यायचं. आणि त्याच पदावर घ्यायचं. एक पायरीसुद्धा खाली नाही."

"अनुकंपा?" सारिका हसली. "अंतराळात?"

"का? आरमारातल्या माणसाला बायकापोरं नसतात?"

अनुकंपा म्हणजे काय ते गिरधरला कुणी शिकवायला नको होतं. त्याचे वडील, आबा, कचेरीत कारकून असताना गेले आणि त्यांच्या जागेवर मोठा भाऊ निंबा लागला. घरात मरण एक, जागा एक, आणि मोठा भाऊही एकच. निंबाला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं, हाक मारायला बेल मिळाली. गिरधरला मोटारसायकल मिळाली, तीही निंबाची जुनी. तेव्हापासून निंबाच्या घरी नवा कूलर आला तरी गिरधरला ऊन लागायचं.

"अनुमोदन," विक्रम म्हणाला. विक्रम कशालाही अनुमोदन द्यायचा, कारण त्याशिवाय चहा येत नसे.

"एक अट," सारिका म्हणाली. "वारसानं मेलेल्याच्या घरच्यांना सांभाळायचं. खऱ्या अनुकंपेत तसं लिहून द्यावं लागतं."

"सांभाळू की," गिरधर म्हणाला. कागदावरची बायकापोरं, त्यांना जेवायला काय लागतं?

पास. मेलेला चौथा माणूस तांडेल होता, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. त्याचा मुलगा धनसिंग त्याच दिवशी बापाच्या जागी तांडेल झाला. आणि गिरधर कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बघून गालात हसला.

ती खुर्ची न्हाव्याची. विक्रमनं जळगावच्या भंगारातून आणलेली. लोखंडी, लाल रेक्झिनची, पाय ठेवायला पट्टी, बाजूला दांडा. दांडा दाबला की माणूस वर जायचा. ती कॅप्टनची खुर्ची. अजून तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं, कारण अजून जहाज नव्हतं. सारिकानं सांगून ठेवलेलं, संक्रांतीच्या आदल्या रविवारी 'तापीमाय' नावाचं जहाज निघेल आणि तोवर ज्याचं पद सगळ्यात मोठं, तो कॅप्टन. विक्रमला केळीच्या भावाशिवाय कशाचीच हौस नव्हती. म्हणजे खुर्ची गिरधरचीच. त्यानं घरी आरशासमोर बसायचा सरावसुद्धा केला होता, फक्त पाय कुठं ठेवायचे ते ठरत नव्हतं.

मग भूपेंद्र आला.

भूपेंद्र धुळ्याकडचा. नरडाण्याच्या कारखान्यात कामाला, पाइपांच्या निमित्तानं विक्रमशी ओळख झालेली. रविवारी पॅसेंजर गाडी पकडून जळगावला उतरायचा आणि तिथून रिक्षानं असोद्याला. उंच, हसरा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्वभावानं खरोखर चांगला.

पहिल्या दिवशी गिरधरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नवीन आहे ना तू? घाबरू नको. तुझा माणूस माझ्या धनसिंगचा धाकटा भाऊ. चालेल?"

"चालेल ना भाऊ! माझ्या माणसाचं नाव बादल ठेवतो."

जन्मभर धाकटा राहिलेल्या माणसाला मोठा व्हायला मिळालं की काय होतं, ते त्या दुपारी शेडमध्ये दिसलं. गिरधरनं लगेच ठराव मांडला. "नात्यानं मोठा असेल त्याला लहानानं वाकून नमस्कार करायचा. पद कुठलंही असो. तो म्हणेल ते ऐकायचं."

विक्रमनं अनुमोदन दिलं. भूपेंद्रनं तर खरोखर उठून गिरधरच्या पायाला हात लावला. गिरधरला निंबाची आठवण झाली आणि फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं पुढच्या फाशापर्यंत टिकलं. भूपेंद्रनं भरतीचा फासा टाकला, बारा. जगण्याचा टाकला, अकरा. बढतीचा टाकला, पुन्हा बारा. बादल पहिल्याच टर्ममध्ये तांडेल झाला.

"माझं काहीतरी चुकलं का?" त्यानं विचारलं.

"नाही रे," गिरधर म्हणाला. "नवीन माणसाला पडतात कधी कधी."

तेवढ्यात विक्रमची आई, वच्छलाबाई, भरीत घेऊन आली. थंडीतलं असोदं, वांगी शेतातली, काड्यांवर भाजलेली, मुसळानं ठेचलेली, वर कांद्याची पात नि तळलेले शेंगदाणे, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. आजवर पहिलं ताट गिरधरचं असायचं. का, ते कुणी ठरवलेलं नव्हतं. लांबून येतो बिचारा, म्हणून असेल. पण गिरधरच्या हिशेबी आयुष्यात जिथं तो पहिला होता अशी ती एकच जागा.

वच्छलाबाईंनी नव्या पोराकडे बघितलं. "तू कोनता गावना शे रे भाऊ?"

"नरडाणाना शे, काकू."

वच्छलाबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "अरे मन्हं माहेर तठेच शे! मंग तू मन्हा भाचा व्हयना!"

आणि पहिलं ताट गिरधरच्या नाकासमोरून नरडाण्याकडे गेलं. मधोमध तेलाचं आळं केलेलं, वर दोन मुठी शेंगदाणे. गिरधरनं आपल्या ताटातले मोजले नाहीत, पण नजरेनं वजन केलं.

"भाऊ, मिरची घ्या ना," भूपेंद्र म्हणाला. "दोंडाईच्याची आहे. काकूंना आणलीय."

पहिल्याच भेटीत मिरची घेऊन आला होता! गिरधर तीन वर्षं येत होता, त्यानं वच्छलाबाईंना फक्त पॉलिसीची माहिती दिली होती.

*

पुढच्या रविवारी गिरधर तयारी करून आला.

"ठराव. बढती मिळाली की बदली झालीच पाहिजे. लांबच्या ग्रहावर. एकाच जागी माणूस राहिला की मुजोर होतो."

"कुणाबद्दल बोलून राहिला रे?" विक्रमनं विचारलं.

"कुणाबद्दल नाही. तत्त्व आहे."

पास. बादलची बदली अशा ग्रहावर झाली, जिथं सूर्य उगवत नाही, पाणी दगडासारखं आणि दळणवळण शून्य. गिरधरनं पुरीचा मोठा घास घेतला.

"म्हणजे हे अवघड क्षेत्र," सारिका म्हणाली.

गिरधरचा घास तोंडातच राहिला. "मग?"

"मग काय! आमच्या शाळांच्या बदल्यांत असतं ना. अवघड क्षेत्रात नोकरी केली की परत येताना पाहिजे ती जागा मागता येते. ज्येष्ठतासुद्धा जास्त धरू. ठराव आहे माझा."

"अनुमोदन," विक्रम म्हणाला. "आई, चहा!"

बादल अंधाऱ्या ग्रहावरून लेफ्टनंट होऊन परतला आणि त्यानं सेनापतीच्या मुख्य जहाजावरची जागा मागून घेतली. धनसिंगलाही त्या टर्मला बढती मिळाली असती, पण गिरधरचा फासा उडून केळीच्या क्रेटमध्ये पडला. काढून बघितला तर एक. पुन्हा टाकायची परवानगी नव्हती. फासा कुठंही पडला तरी धरायचाच, हा ठरावही गिरधरचाच.

त्याच्या पुढच्या रविवारी त्यानं खातेनिहाय चौकशी आणली. "कुणाविरुद्ध तक्रार आली, तर त्याला एक टर्म निलंबित करायचं. घरी बसवायचं. बढती नाही, काही नाही."

"तक्रार कोण करणार?" सारिकानं विचारलं.

"कोणीही. निनावी."

पास. "तर लेफ्टनंट बादलविरुद्ध निनावी तक्रार आलेली आहे," गिरधर म्हणाला.

"कधी?"

"आत्ताच. माझ्या कानावर आली."

भूपेंद्र हसत सुटला. "भाऊ, तक्रार काय आहे तेवढं तरी सांगा!"

गिरधरनं विचार केला नव्हता. "वागणूक," तो म्हणाला. "फार गोड आहे. संशय येतो."

बादल निलंबित झाला. घरी बसला. आणि त्याच टर्मला सारिकानं मोठं युद्ध काढलं. प्रत्येकानं जगण्याचा फासा टाकायचा. विक्रमच्या माणसाचा पाय गेला. धनसिंग कसाबसा वाचला, पण त्याचा डावा हात तिसऱ्या चंद्रावर राहिला.

"बादल?" गिरधरनं आशेनं विचारलं.

"बादल तर घरी आहे," सारिका म्हणाली. "निलंबित माणूस युद्धावर कसा जाईल? त्याला फासा नाही. आणि चौकशीत निर्दोष सुटलाय, म्हणजे मधली बढती मागच्या तारखेपासून. कमांडर."

"गोड वागणुकीसाठी कोण शिक्षा करेल रे," विक्रम म्हणाला.

त्या दिवशी वच्छलाबाईंनी भाच्यासाठी वेगळ्या वाटीत ठेचा ठेवला होता. धनसिंगचा हात गेल्याचं कळल्यावर त्यांनी गिरधरला फक्त विचारलं, "मंग तू जेवशी कसा?" आणि ताट पुढं सरकवलं. ताट चौथं होतं.

घरी जाताना गिरधरनं महामार्गावर मोटारसायकल थांबवली आणि पुढं निघून गेलेल्या एका ट्रकला शिवी दिली. ट्रकच्या मागे लिहिलं होतं, 'जळू नको, बरोबरी कर'. ट्रकसुद्धा भूपेंद्रच्या बाजूचे झाले होते.

*

संक्रांत जवळ आली. आता एकच टर्म उरली होती. बादल कमांडर, धनसिंग एकहाती तांडेल. खुर्ची भूपेंद्रची होणार, हे शेडमधल्या मांजरालाही कळलेलं. भूपेंद्र तर म्हणत होता, "भाऊ, तुम्हीच बसा ना खुर्चीवर, मला काय!" हे ऐकून गिरधरला सगळ्यात जास्त राग आला. हिसकावून घेता येईल अशी वस्तू समोरचा फुकट द्यायला लागला की माणसानं करायचं काय?

"शेवटचा ठराव," तो म्हणाला. "पद जितकं मोठं, तितका धोका मोठा. कमांडरला जगायचं असेल, तर फाशांत दहा नाहीतर जास्त पडले पाहिजेत."

विक्रमनंसुद्धा अनुमोदन दिलं नाही. चहा गेला तर गेला.

"दहा म्हणजे मेलाच तो," सारिका म्हणाली. "अनुमोदन कोण देणार?"

"मी देतो," भूपेंद्र म्हणाला. "बरोबर आहे भाऊंचं. मोठ्या माणसानं पुढं राहिलं पाहिजे."

त्यानं फासे दोन्ही हातांत घोळवले, टाकले. एक आणि दोन. तीन.

गिरधर अर्धवट उठला. ओरडणार होता, पण तोंडातून फक्त "अरेरे" निघालं, आणि तेही ठेक्यात.

सारिकानं डोळे मिटले. असं कुणी मेलं की कसं मेलं ते तिला सांगावं लागायचं. "जहाज निघायच्या आधी कमांडर बादल नारळ फोडायला बाहेर गेला. अंतराळातला पोशाख घालून, जहाजाच्या नाकावर. नारळ फुटला. पण तिथं वजन नाही, त्यामुळे करवंटी खाली पडलीच नाही. ती जहाजाला एक चक्कर मारून मागून आली आणि त्याच्या डोक्याच्या काचेवर बसली."

"नारळानं गेला?" विक्रम हळूच म्हणाला.

"नारळानं गेला."

कुणीच हसलं नाही. आणि नेमक्या त्या वेळी वच्छलाबाई पुऱ्या घेऊन आल्या. "कोन गया रे?"

"भूपेंद्रचा माणूस, आई. बादल. खेळातला."

"मरी गया?" त्या खाली बसल्या. "खेळ ते खेळ, पन मन्हा माहेरना व्हता ना तो? अशीच उठी जाशात का? गंधमुक्ती करनी पडी."

"काकू, मी जिवंत शे ना," भूपेंद्र म्हणाला.

"तू गप बस. मरेल माणूस मधमा बोलस नही."

गिरधर मात्र खुर्चीकडेच बघत होता. "सरपंच, म्हणजे आता सगळ्यात मोठं पद..."

"थांब," सारिका म्हणाली. "कमांडरची जागा रिकामी झाली. अनुकंपेचा ठराव आहे. वारस कोण?"

गिरधरनं खुर्चीवरची नजर काढली. त्याचाच ठराव. त्याच पदावर, एक पायरीसुद्धा खाली नाही. म्हणजे भूपेंद्र आता बादलचा एखादा मुलगा काढणार, तो मुलगा जन्मतःच कमांडर होणार आणि खुर्ची पुन्हा तिकडेच.

"भूपेंद्र, बादलला मूलबाळ?"

"लग्न कुठं झालेलं? सगळी नोकरी तर अंधाऱ्या ग्रहावर गेली."

"मग जवळचा नातेवाईक?"

भूपेंद्रनं गिरधरकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "मोठा भाऊ! धनसिंग! भाऊ, तुम्ही कमांडर झाले! कॅप्टन झाले!"

विक्रमनं टाळ्या वाजवल्या. सारिकानं डस्टर आपटलं. गिरधर जागेवरच उभा होता. त्याला खुर्ची मिळाली होती. ज्याच्यावर तो जळत होता त्याच्या मरणामुळे, त्याच्याच अनुकंपेनं, आणि मोठा भाऊ म्हणून. अगदी निंबासारखी.

*

पुढच्या रविवारी जहाज निघायचं होतं, पण वच्छलाबाईंनी आधी गंधमुक्ती लावली, गेलेल्याचं सुतक संपवून वारसाला टोपी घालायची. खेळ त्यांना कळत नव्हता, मरण कळत होतं. केळीच्या पानावर एक फासा, त्याला हळदकुंकू, समोर बादलच्या आवडीचा ठेचा. बादलची आवड कुणाला माहीत होती? भूपेंद्रला ठेचा आवडायचा, म्हणून ठेचा.

"टोपी कोनले घालनी?" त्यांनी विचारलं.

"मोठा भाऊ वारस आहे, काकू," भूपेंद्र म्हणाला. मेलेला माणूस स्वतःच्या गंधमुक्तीत सतरंज्या टाकत होता.

गिरधरला न्हाव्याच्या खुर्चीवर बसवलं. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. विक्रमनं दांडा दाबला. गिरधर वर गेला, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर. याच क्षणाचा त्यानं आरशासमोर सराव केला होता. मान ताठ, नजर समोर.

मग श्रद्धांजल्या सुरू झाल्या.

"बादलसारखा माणूस होणे नाही," विक्रम म्हणाला. "अंधाऱ्या ग्रहावर गेला, पण कधी तक्रार नाही. त्याच्याविरुद्ध निनावी तक्रार झाली, तरी हसला."

गिरधरनं मान हलवली. गंधमुक्तीत वारसानं मान हलवायची असते.

"युद्धात तो नव्हता म्हणून आपले एवढे अवयव गेले," विक्रम पुढे म्हणाला. "असता तर गेले नसते."

खुर्ची किंचित खाली आली. जुनी होती, हवा धरत नव्हती. विक्रम म्हणाला होता दुरुस्त करीन म्हणून.

सारिका म्हणाली, "माझ्या कारकिर्दीत असा सरळ माणूस मी पाहिला नाही. स्वतःच्या मरणाच्या ठरावाला स्वतः अनुमोदन देणारा."

खुर्ची आणखी खाली आली. गिरधरनं दांडा चाचपला, सापडला नाही.

वच्छलाबाईंनी तर पदर डोळ्याला लावला. "येताना मिरची लई ये. बठ्ठासले इचारे, काकू कशी शे. असा पोऱ्या!"

"काकू, मी अजूनही आणीन," मेलेला म्हणाला.

"तू गप बस म्हनं ना!"

गिरधर आता जवळजवळ जमिनीला टेकला होता. गुडघे कानाशी. त्याला निंबानं एकदा जेवताना सांगितलेलं आठवलं. 'त्या खुर्चीत बसलो ना, तर जो येईल तो आबांचंच नाव काढायचा. माझं नाव विचारायला लोकांना वर्ष लागलं.' तेव्हा गिरधरला वाटलं होतं, नोकरी मिळूनही नाटकं करतो. आता त्याला पहिल्यांदा वाटलं, निंबाला फोन करावा. मग वाटलं, नको, त्याच्याकडे नवा फोन आहे.

"चला," सारिकानं डस्टर आपटलं. "जहाज निघतंय. कॅप्टन धनसिंग, खुर्चीवर. भूपेंद्र, तुला नवा माणूस पाहिजे."

"मला पद नको आता," भूपेंद्र म्हणाला. "पदावरून फार भानगडी होतात. जहाजावर स्वयंपाक करणारी एखादी म्हातारी घेतो. तानुबाई. बादलची आई."

"हरकत नाही," सारिका म्हणाली. "मेलेल्याच्या घरचं माणूस आहे. कॅप्टनला सांभाळावंच लागेल, अट आहे."

"सांभाळतो," गिरधर खुर्चीतून म्हणाला. स्वयंपाकीण! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या छातीतला दाह थांबला. शेवटी भूपेंद्र त्याच्या हाताखाली आला होता. "तानुबाई, कॅप्टनसाठी चहा आणा."

विक्रमनं कागदावरून डोकं वर केलं. "थांब. बादलची आई?"

"हो."

"आणि बादल धनसिंगचा सख्खा भाऊ."

सारिकाच्या लक्षात आलं. तिनं डस्टर हळूच खाली ठेवलं, हसू आवरायला तिला दोन्ही हात लागले. "गिरधर, एक ठराव आहे. नात्यानं मोठ्याला वाकून नमस्कार करायचा, पद कुठलंही असो, आणि तो म्हणेल ते ऐकायचं."

"तो मागे घेऊ," गिरधर म्हणाला.

"वर्षभर घेता येत नाही."

"असं कुणी..." गिरधर म्हणाला आणि थांबला.

भूपेंद्रला खरंच लाज वाटली. "भाऊ, राहू द्या ना. मी दुसरी म्हातारी घेतो."

"राहू देऊ नको," वच्छलाबाई मागून म्हणाल्या. त्यांना खेळ एकदम कळला होता. "माय शे ती त्यानी. पाया पड रे!"

कॅप्टन उठला. उठायला जड गेलं, खुर्ची तळाला गेली होती. टोपी सावरत, सगळ्यांसमोर तो भूपेंद्रच्या पाया पडला. भूपेंद्रनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तानुबाईच्या आवाजात, घोगऱ्या, थकल्या आवाजात म्हणाला, "सुखी ऱ्हाय रे भो. एक पोऱ्या गया मन्हा. आते तूच शे."

खेळातलंच वाक्य होतं. पण गिरधर वाकलेला होता तो जरा जास्त वेळ वाकून राहिला. विक्रमनं दुसरीकडे बघितलं.

मग जहाज निघालं. म्हणजे निघायला हवं होतं. पण विक्रमचा लंगडा इंजिनिअर जाऊन बसला स्वयंपाकघरात, तानुबाईला बादलच्या अंधाऱ्या ग्रहावरच्या गोष्टी विचारायला. सारिकाचे परग्रहावरचे चाचेसुद्धा लुटायला म्हणून आले आणि ठेचा खायला थांबले. जहाजाच्या पुढच्या टोकाला, सगळ्या दिव्यांच्या मध्ये, कॅप्टन धनसिंग एकटाच. त्यानं दोनदा हुकूम दिला, "डावीकडे वळवा." कुणी ऐकलं नाही. सगळे चुलीजवळ हसत होते.

"तानुबाई," शेवटी तो म्हणाला, "स्वयंपाकघरात भरती व्हायला किती पडावे लागतात?"

"तठे फासा लागत नही," तानुबाई म्हणाली. "ताट लागस. ये."

नेमकी त्याच वेळी वच्छलाबाईंनी खरं भरीत आणलं. भूपेंद्रनं पहिलं ताट घेतलं आणि तसंच गिरधरच्या हातात दिलं. "पयलं लेकरूले."

गिरधरच्या ताटावर वच्छलाबाईंनी आणखी एक मूठ शेंगदाणे टाकले.

गिरधर खुर्ची सोडून सतरंजीवर भूपेंद्रच्या शेजारी बसला. खुर्चीत मांजर जाऊन बसलं. पहिला घास घेताना त्याचे डोळे भरून आले, मिरचीनं म्हणा. भूपेंद्रनं पाण्याचा तांब्या पुढं केला. गिरधरनं दोन घोट घेतले, डोळे पुसले, आणि तांब्या परत ठेवता ठेवता सहज म्हणून शेजारच्या ताटात डोकावला.

भूपेंद्रच्या ताटात वाटी होती. वाटीत दही. बाकी कुणालाच दही नव्हतं.

गिरधरनं तोंडातला घास गिळला आणि हात वर केला.

"सरपंच, एक ठराव आहे."